वाळ्याची पुरचुंडी

बनशंकरी, बेंगळुरू
२० जुलै

वादिराज यांस,

व्हॉट्सॲपवर काहीही लिहिलं की तुम्ही अंगठा पाठवता. अप्पांच्या मासिक श्राद्धाला कोणत्या आचार्यांना बोलावू विचारलं, तर अंगठा. अम्मांच्या गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं, अंगठा. श्राद्धाला येणार का, त्यालाही अंगठा, आणि आला नाहीत. म्हणून कागदावर लिहितेय. याला अंगठा पाठवायचा तर कुरिअर करावा लागेल.

तुमचं पत्रक मिळालं. जाड, गुळगुळीत कागद, वर निळा थेंब. यलहंकाच्या पुढच्या त्या चाळीस घरांच्या सोसायटीत पुढच्या महिन्याअखेरीस तुमचं यंत्र बसणार, आंघोळीचं पाणी शुद्ध होऊन परत आंघोळीच्या नळाला येणार, हे सगळं वाचलं. खाली ठळक अक्षरांत आहे : ‘संस्थापकाच्या स्वतःच्या घरात वर्षभर चाचणी. चार माणसं. एकही तक्रार नाही.’ आणि कोपऱ्यात तुमच्या अक्षरात, ‘चैत्रा, पहिली वापरणारी म्हणून दोन शब्द बोलशील? दिवा अम्मांनी लावावा.’

चार माणसं. आज घरात दोन आहोत, मी आणि अम्मा. तिसरे तुम्ही, जून सरता सरता बॅग उचलून व्हाइटफिल्डला कंपनीच्या फ्लॅटवर गेलेले. चौथे अप्पा, त्यांना तुम्हीच श्रीरंगपट्टणला संगमात सोडून आलात. एकही तक्रार नाही हे मात्र खरं. त्यांनी कधी केलीच नाही.

तुम्ही विसरला असाल म्हणून नव्हे, पण पत्रकात वेगळं छापलंय म्हणून, जसं झालं तसं लिहिते.

मागच्या दसऱ्यानंतर तुमची नोकरी गेली. बारा वर्षं ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर डोक्यावर घेऊन नाचलात, तिनं एका ईमेलवर घरी पाठवलं. त्यानंतर तुम्ही दुपारपर्यंत अंथरुणात असायचात. अप्पा दाराशी कॉफीचा लोटा घेऊन उभे राहायचे. दार वाजवायचे नाहीत. कॉफी गार झाली की स्वतः प्यायचे आणि नवी करायला सांगायचे. ऐंशीला टेकलेला माणूस, दिवसाला तीन-तीन लोटे गार कॉफी पोटात ढकलत होता. मी एकदा म्हटलं, “अप्पा, हाक मारा की.” तर म्हणाले, “हाक मारली तर त्याला वाटेल, बाप वाट बघतोय.”

मग एक दिवस मोरीपाशी उभे राहून तुम्ही धुण्याच्या मशीनमधून वाहून जाणारं पाणी बघितलंत. नुसतं बघत राहिलात. आणि संध्याकाळी पिंप घेऊन आलात. खरं सांगते, त्या दिवशी घरात सण होता. अम्मांनी पायसम केलं.

तुम्ही घराला ऑफिस केलंत. दर दुसऱ्या रविवारी फ्रिजसमोर उभी सभा. बसायचं नाही, बसलं की बोलणं लांबतं म्हणे. अम्मा गुडघा धरून उभ्या. फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्यांच्या रांगा : करायचं, चाललंय, झालं, आणि शेवटी कडेला, पुढच्या फेरीत. “छोटं बनवायचं, लगेच वापरून बघायचं, चूक स्वस्तात करायची.” हे वाक्य तुम्ही इतक्यांदा म्हणालात की अम्मा आमटीत मीठ जास्त झालं तरी म्हणायच्या, “घ्या, चूक स्वस्तात झाली.”

पहिली आवृत्ती : मशीनचं पाणी बादलीनं संडासात. झकास चालली. दुसरी : पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशीला. तीही चालली. अप्पांना तर भारीच मौज वाटली. ते रेशीम खात्यात आयुष्यभर होते. म्हणाले, “अरे, हे आमचंच. नवीन जातीचा पाला आला की आम्ही सगळ्या टोपल्यांना घालायचो नाही. आधी चार किड्यांना घालायचो. मेले तर चारच मेले.”

तुम्ही टाळी दिलीत त्यांना. “अप्पा, कंपनीत हे शिकवायला लोक लाखो रुपये घेतात!” आपण सगळे हसलो. ते वाक्य तुम्ही पत्रकाच्या मागच्या पानावर छापलंय, अप्पांच्या फोटोखाली. ‘मेले तर चारच’ एवढं मात्र गाळलंत.

मी बोलायला येणार नाही. अम्मांना अजून विचारलेलं नाही.

चैत्रा

* * *

३ ऑगस्ट

वादिराज,

पत्र पोचलं म्हणायचं, कारण फोन आला. पाऊण तास बोललात आणि त्यात अप्पांचं नाव एकदाच घेतलंत, तेही ‘ती केस’ म्हणून.

तुमचं म्हणणं असं की, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. त्या उन्हाळ्यात निम्म्या बेंगळुरूला टँकरचं पाणी होतं, कावीळ कुठूनही आली असेल. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं, तेव्हाही तुम्ही पटकन म्हणालात, टँकरचं. मी शेजारीच उभी होते. मी गप्प बसले. न्हाणीच्या नळाला कुठलं पाणी येतं ते कळल्या दिवसापासून मी अप्पा-अम्मांपाशी गप्पच होते, त्याचं काय व्हायचं ते माझ्या जिवाला होतंय. ते तुमच्यावर ढकलायला हे पत्र नाही.

पण ‘कुठूनही आली असेल’ असं मला म्हणू नका. मी त्या घरात राहते.

फाल्गुनात बोअर आटली. कावेरीचं पाणी आठवड्यातून एकदा, तेही पिंपभर. टँकरवाला फोन उचलेना. तेव्हा तुमची चौथी आवृत्ती आली. गच्चीवर खडी, कोळसा, वाळू, कर्दळीची रोपं, आणि त्यातून उतरलेलं आंघोळीचं पाणी परत न्हाणीघराच्या नळाला. आपल्या चौघांचं पुरेना, म्हणून वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या न्हाणीचा पाइपही त्यात जोडलात. त्यांचा लहानगा दोन आठवडे शाळेत गेला नव्हता. कशामुळे ते मी त्याच्या आईला नंतर विचारलं. कावीळ.

आणि अप्पा-अम्मांना सांगायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत. “सांगितलं तर मनात पूर्वग्रह येतो. नुसतं वापरू दे. मग खरं मत कळतं.” ऑफिसात तुम्ही हेच करायचात म्हणे, लोकांना न सांगता नवं बटण द्यायचं आणि कोण दाबतं ते बघायचं. मी म्हटलं, अहो, हे बटण नाही, आईबाप आहेत. तुम्ही म्हणालात, “चैत्रा, पाच महिन्यांनी पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटतंय.”

मग मीही त्यांना काही सांगितलं नाही.

पुढच्या सभेत अम्मांनी नाक मुरडलं. “वादि, नळाला साबणाचा वास येतोय रे. शिळा वास.” तुमचा चेहरा उजळला. तक्रार आली की तुम्हाला आनंद व्हायचा. चिठ्ठी लिहिलीत, ‘वास’. दुसऱ्या दिवशी गांधी बझारातून वाळा आणलात, पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून टाकीत सोडलात. पुढच्या सभेत अम्मा खूश. “आता बघ कसं, देवळातल्या तीर्थासारखं येतंय.” चिठ्ठी ‘झालं’च्या रांगेत गेली. पाणी होतं तेच राहिलं. फक्त नाकाला कळेनासं झालं.

आता ऐका, कारण हे मी तुम्हाला मार्चमध्ये तोंडानं सांगितलं होतं, आणि आज लिहून देते.

वाळा पडेपर्यंत अप्पा संध्येचं पाणी समोरच्या मठातल्या विहिरीवरून आणायचे. त्यांना त्या वासाचं पाणी देवाला चालेना. कोणाला न सांगता आंघोळ करून, ओल्या धोतरानं, हातात तांब्या घेऊन रस्ता ओलांडायचे. तुम्ही तेव्हा झोपलेले असायचात, तुम्हाला कसं दिसणार? तुमच्या हिशेबात पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या यंत्राचं आणि न्हाणीघराचा नळ फक्त अंगावर घ्यायला. पण यंत्रातलं पाणी त्यांना सोवळ्यात चालत नसे. विजेवर चालणाऱ्या डब्यातून प्लॅस्टिकच्या नळीनं येतं ते. आणि तुमच्या वाळ्यामुळे नळाला तीर्थाचा वास यायला लागला. अप्पांनी मठात जाणं बंद केलं. न्हाणीघरातूनच पंचपात्र भरून आणायला लागले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. पळीपळीनं.

मी ते बघितलं त्याच दिवशी तुम्हाला गच्चीवर येऊन सांगितलं. तुम्ही कर्दळीच्या मुळाशी काहीतरी खुपसत होतात. म्हणालात, “तीन थेंब गं. त्यानं काय होतंय?” मी म्हटलं, मग अप्पांना सांगा तरी. तर म्हणालात, “आत्ता सांगितलं तर सगळं मुसळ केरात. पुढच्या फेरीत घेऊ.” आणि चिठ्ठी लिहिलीत. ‘अप्पा–आचमन’. शेवटच्या रांगेत लावलीत.

अप्पांना दाखल केलं त्या दुपारी तुम्ही रिक्षानं घरी आलात, चप्पल न काढता गच्चीवर गेलात आणि पाण्याची चावी बंद केलीत. भाडेकरूंना म्हणालात, दुरुस्ती आहे. टँकरनं कावीळ झाली असती तर माणूस टँकरवाल्याच्या घरी जातो. गच्चीवर जात नाही.

चैत्रा

* * *

१७ ऑगस्ट

अहो,

काल अम्मांना सांगितलं.

मला सांगायचं नव्हतं. या वयात नवरा गेला, त्यात मुलाचं हे कशाला, असंच मनात होतं. पण श्राद्धाच्या तयारीला त्या अप्पांचं पंचपात्र चिंचेनं घासत बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, “चैत्रा, न्हाणीतल्या नळाचं भरून आण गं. त्यांना तो वास आवडायचा. हल्ली येत नाही, वादिनं वाळा काढला वाटतं.”

माझ्याच्यानं भरवेना. तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पाणी कुठून यायचं, कोणाकोणाचं यायचं, वाळा कशासाठी होता. मी तुम्हाला कधी सांगितलं आणि तुम्ही काय म्हणालात.

अम्मा घासतच होत्या. मग पहिला प्रश्न काय विचारावा? “त्यांना कळलं होतं का?”

मी म्हटलं, नाही.

“बरं झालं,” म्हणाल्या. “त्यांनी आयुष्यात कोणाच्या घरचं पाणी न विचारता घेतलं नाही. ते मेले त्याचं एक वेळ मी गिळीन. पण आपल्याच घरात दुसऱ्याच्या न्हाणीचं पाणी देवापुढे घेतलं, हे त्यांना कळलं असतं तर ते काविळीच्या आधीच गेले असते.”

मग रडल्या. मोठ्यानं. अप्पा गेले तेव्हा अशा रडल्या नव्हत्या. मला वाटलं, आता तुम्हाला शिव्याशाप देतील. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “माझाच दोष. मी कशाला वासाचं बोलले? मी नाक मुरडलं नसतं तर वास राहिला असता, आणि हे मठात जात राहिले असते.”

वादिराज, हे वाचा. पुन्हा वाचा. तुमच्या सभेत जिनं खरी तक्रार केली ती एकटी बाई आज स्वतःला खुनी समजतेय. आणि तुम्ही छापताय, एकही तक्रार नाही.

मी त्यांना तुमचं पत्रक दाखवलं. अप्पांचा फोटो आणि खालचं वाक्य त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचलं. विचारलं, “ह्या चाळीस घरांत म्हातारी माणसं असतील ना?”

मी म्हटलं, असतील की. बेंगळुरूच ते. पोरं नोकरीवर, म्हातारे घरात.

“त्यांना वादि सांगणार आहे का?”

मी म्हटलं, पत्रकात तर नाही.

तुमचा परवाचा मेसेजही वाचून दाखवला त्यांना. नवी आवृत्ती सातवी आहे, तिच्यात निळ्या किरणांचा दिवा आहे, औषधाची मात्रा आहे, प्रयोगशाळेचा दाखला आहे, चौथीशी तिचा काही संबंध नाही. असेल. मी इतिहासाची पदवी घेतलेली बाई, मला त्यातलं काय कळतंय? पाणी स्वच्छही असेल कदाचित. पण वीज गेली की दिव्याचं काय? कोणी नळाचं पंचपात्र भरलं तर काय? काल रात्री मेसेजमध्येही मी फक्त एवढंच लिहिलं, त्यांना सांगा. ‘चार माणसं, त्यातला एक गेला, कशानं गेला ते आम्ही नीट बघितलं नाही, न्हाणीच्या नळाचं पाणी तोंडात घेऊ नका.’ एवढ्या तीन ओळी पत्रकात घाला. मग ज्याला बसवायचं तो बसवील.

त्यावर तुमचं उत्तर आलं, “तीन ओळी घातल्या तर चाळीसपैकी एकही घर राहणार नाही. पैसे घालणारे उठून जातील. मी पुन्हा त्या अंथरुणात जाऊन पडू का?”

मला त्या अंथरुणाची भीती तुमच्यापेक्षा जास्त आहे. गार कॉफी पिणारं माणूसही आता घरात नाही.

चैत्रा

* * *

२९ ऑगस्ट

अहो,

थोडक्यात लिहिते. तुम्ही ओळी घातल्या नाहीत हे कळलं. नवं पत्रक सोसायटीच्या एका बाईनं फेसबुकवर टाकलंय.

अम्मा उद्घाटनाला येणार आहेत. मी नको नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मीही सोबत येतेय, बोलायला नव्हे. अम्मांनी अप्पांचं पळी-पंचपात्र पिशवीत घेतलंय. सोसायटीत नमुन्याच्या फ्लॅटमध्ये तुमचा नळ आहे ना, त्या नळाचं पाणी त्या तुमच्यासमोर धरणार आहेत. म्हणाल्या, “मी भांडणार नाही. त्याला एवढंच सांगीन, बाबा, तुझ्या वडिलांनी केलं तसं आचमन कर.”

आधीच सांगून ठेवतेय. आम्ही पोचायच्या आत लोकांना खरं सांगितलंत तर पिशवी उघडायची गरज पडणार नाही. त्यांची तीच इच्छा आहे. माझीही.

चैत्रा

* * *

८ सप्टेंबर

अहो,

तुम्ही घेतलंत.

मी त्या न्हाणीघराच्या दारात उभी होते, तुमच्यामागे पैसे घालणारे ते दोघे, त्यांच्यामागे सोसायटीची माणसं, मोबाइल वर धरून. अम्मांनी पंचपात्र भरलं. थोडं साडीवर सांडलं. त्यांनी पळी पुढे केली आणि म्हणाल्या, “वादि.” बाकी जे ठरवलं होतं ते त्यांच्या तोंडून निघालंच नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता थांबताय. खरंच वाटलं. कपाळावर घाम होता तुमच्या. मग तुम्ही हसलात, ते सादरीकरणाचं हसू, ओंजळ पुढे केलीत. केशवाय नमः. नारायणाय नमः. माधवाय नमः. तिन्ही वेळा घोट घेतलात. टाळ्या पडल्या. मागून कोणी तरी म्हणालं, “आईच्या हातून! वा! याहून मोठा दाखला काय?” तो व्हिडिओ तुमच्या कंपनीनं संध्याकाळपर्यंत सगळीकडे लावला. आम्ही तुमची जाहिरात करून आलो, वादिराज.

परतताना टॅक्सी हेब्बाळला आली. अम्मा म्हणाल्या, “त्याला वाटलं मी त्याला हरवायला आलेय. म्हणून जिंकला.”

मी त्यांच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

“चैत्रा, पाणी खरंच चांगलं असेल का गं आता?”

“असेल, अम्मा.”

“मग सांगायला त्याच्या जिभेला काय झालं होतं?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “पाणी प्यायला धीर झाला. बोलायला झाला नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर खोचून तयार. “चल. हाक मारायला जायचंय.” आपल्याकडे मुंजीला, लग्नाला घरोघर जाऊन आमंत्रण देतात तसं, एकेक दार. मी म्हटलं, अम्मा, सुतक संपलं तरी वर्षभर कोणाच्या दारी जायचं नसतं ना? तर म्हणाल्या, “मंगल बोलवायला जायचं नसतं. हे काही मंगल नव्हे.”

आम्ही आठवडाभर जातोय. बसनं जातो, बसनं येतो. मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमची कंपनी उद्या मला नोटीस पाठवेल तर पाठवू दे.

तुम्हाला वाटत असेल, लोक दचकले असतील. नाही दचकले. एका घरात बाईनं दार अर्धं उघडून सांगितलं, “मॅडम, नवरा-बायकोचं भांडण घरीच ठेवा.” एकानं विचारलं, “टँकरला महिन्याला काय देतो ठाऊक आहे? तुम्ही भरणार?” एका मुलीनं कॉफी दिली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, “आँटी, व्हिडिओत तर यांनीच त्यांना पाजलं ना?” अम्मांच्या तोंडाला फेस आला तिला समजावताना. त्या मुलीनं शेवटी विचारलं, “म्हणजे तुम्हाला आधी माहीत होतं की नव्हतं?” अम्मा म्हणाल्या, “होतं.” मुलीनं कप उचलले. तिनं काही चावी बंद केली नाही.

पाच-सहा घरांनी चावी बंद केली असेल. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. त्यांना पाणी हवंय. मला त्यांचा राग येत नाही. आम्हालाही हवं होतं.

एक घर सांगते आणि संपवते. तिसऱ्या मजल्यावर. मुलगा-सून ऑफिसला गेलेले. दार उघडलं एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, गुंडाचार नाव. ओलं धोतर, कपाळावर गोपीचंदन अजून ओलं, हातात भरलेलं पंचपात्र. आमच्या दारात अप्पाच उभे राहिल्यासारखं वाटलं मला. अम्मा पुढे झाल्या, हात जोडले, आणि काही नातं-गोतं न सांगता सरळ विचारलं, “राव, हे पाणी कुठल्या नळाचं?”

“न्हाणीघराचं. का हो?” आणि हसून म्हणाले, “नवीन आहे. छान वास येतो, वाळ्याचा.”

वादिराज, तुम्ही सातव्या आवृत्तीतही वाळा ठेवलाय.

अम्मांनी त्यांना सांगितलं. रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. यजमान होते, तुमच्यासारखीच तीन वेळा संध्या करायचे, असं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग हातातल्या पंचपात्राकडे बघितलं. गॅलरीत गेले, पण कुंडीत ओतलं नाही, कुंडीत तुळस होती. मोरीत नेऊन ओतलं. परत आले आणि लहान मुलासारखं विचारलं, “मग आज कशानं करू?”

अम्मांच्या पिशवीत प्यायच्या पाण्याची बाटली होती, मठातल्या विहिरीची. हल्ली त्या तेच पितात. त्यांनी ती त्यांच्या पंचपात्रात रिकामी केली. परतताना सबंध बसभर त्यांना तहान लागली होती, पण बोलल्या नाहीत.

आता तुमचं.

काविळीचं पाणी पोटात गेलं की लगेच काही दिसत नाही. अप्पांना बराच काळ गेला होता, म्हणून तर आपल्याला कळलं नाही. आधी भूक जाते. मग कॉफीचा वास नकोसा होतो. त्यांनी कॉफी सोडली तेव्हा तुम्हाला वाटलं होतं, चला, म्हाताऱ्यानं सवय कमी केली.

म्हणून रोज सकाळी आरशात डोळ्यांचे पांढरे बघा. खिडकीपाशी उभं राहून बघा, दिव्याखाली नको, दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं. जरा जरी वेगळं वाटलं तर दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं, तर या वेळी खरं सांगा. मला फोन करा. अंगठा पाठवू नका. मी येईन, काय वाटेल ते झालं असलं तरी येईन. अम्माही येतील.

पुढच्या फेरीसाठी ठेवू नका.

चैत्रा